मुंग्या काकाच्याच जागेवर यायच्या

मागच्या वर्षी आजच्या दिवशी मी जी पोस्ट लिहिली, ती खोटी होती.

मी लिहिलं होतं, "गौतमकाकाने कधी कशाची तक्रार केली नाही. शांतपणे गेला."
तुम्ही कितीतरी जणांनी खाली हात जोडलेत.

काकाने तक्रार केली होती. रोज केली होती.
आणि तो शांतपणे गेला नाही.

ही दुरुस्ती आज करतेय, कारण माझा धाकटा भाऊ निखिल दोन महिन्यांत नऊ किलोने उतरलाय. सारखं पाणी पितोय. आणि घरात पुन्हा तीच जुनी वाक्यं ऐकू यायला लागलीत.

निखिलला विचारून लिहितेय. म्हणाला, "लिही. पण नऊ नाही, साडेआठ."
तर, साडेआठ.

शहाण्णवचा उन्हाळा. नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातलं आमचं गाव, टँकर एक दिवसाआड. पप्पा सुप्याला कंपनीत, सुट्टीलाच घरी यायचे. आई रोजगार हमीच्या कामावर. निखिल तेव्हा जन्मला नव्हता. दिवसभर घरी मी आणि काका.

काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. गाव त्याला येडा म्हणायचं.
आज त्याला वेगळा शब्द मिळाला असता. पण तसं तपासलं कुणी नाही, म्हणून मी तो शब्द वापरणार नाही.

गलका झाला की कान दाबून बसायचा. भाकरी आणि गूळ, बाकी कशाला हात लावायचा नाही. नगरच्या डॉक्टरांची डोक्याची गोळी चालू होती.

आणि अक्षर असं, की टँकरच्या रांगेतल्या प्रत्येक टिपाडावर मालकाचं नाव काकानेच रंगवलेलं.
शाळेत जायच्या आधी मी वाचायला शिकले ती त्या टिपाडांवर.
"ह्यो क. कांबळ्याचा क. साळव्याच्या टिपाडावर ह्यो न्हाई सापडायचा."

त्या उन्हाळ्यात काका पाणी प्यायला लागला. तांब्यामागून तांब्या.

रांगेत शेजारचे बबनतात्या म्हणाले, "गौत्या, पोटात टँकर हाय का काय तुझ्या?"
काका गंभीरपणे म्हणाला, "टँकर पोटात मावत न्हाई, तात्या."
सगळे हसले. मीही.

पाणी पुरेना. आईने टिपाडाच्या झाकणाला कडी बसवून कुलूप लावलं. गावात बरेच जण लावायचे, पाणी चोरीला जाऊ नये म्हणून. आमचं कुलूप काकासाठी होतं.

किल्ली माझ्या गळ्यात. मी आठ वर्षांची.

"सुमे, एक तांब्या दे."
"आईला विचारते."
"वहिनी कामावर हाय."
"मग आल्यावर."

तो भांडला नाही. टिपाडाला टेकून बसला.

आईला दोष देऊ नका. तिला त्या एका टिपाडात सगळं घर भागवायचं होतं. आणि खाडा करून काकाला कर्जतला डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. मीही गेले होते.
डॉक्टरांनी आधी नगरच्या गोळ्यांचा कागद पाहिला.
"ह्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. बाकी सगळं मानसिक आहे."
काकाला हातसुद्धा लावला नाही.

काका म्हणाला, "डॉक्टर, मुंग्या येत्यात."

घरामागे तो लघवीला जायचा तिथे मुंग्यांची रांग लागायची. मला नेऊन दाखवली होती त्याने. दगड मांडून जागा आखलेल्या.
"ही माझी. ही तुझ्या पप्पाची. मुंग्या निस्त्या माझ्याच जागंला येत्यात."

हेच त्याने डॉक्टरांना सांगितलं, दगडांसकट.
डॉक्टर आईकडे बघून हसले. "बघा," म्हणाले. "आता मुंग्या."

लघवीत साखर उतरली की मुंग्या लागतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत होतं. बबनतात्यांनी सांगितलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, शुगर बघून घ्या.
सांगणारा गौत्या होता.

मग दोन दिवस उलट्या. मग लांबून धावत आल्यासारखा श्वास. "नाटकं करतोय," सगळे म्हणाले.
मग हाकेला ओ देईना. जीपने नगरला नेताना वाटेत गेला.
तेहतीस वर्षांचा होता.

शुगरच होती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.
कुणी तपासली नाही, हे मात्र छातीठोकपणे सांगते.

मातीला आलेला प्रत्येक जण एकच म्हणत होता, "अशी माणसं लई जगत न्हाईत."

गेल्या आठवड्यात राहात्याची मावशी फोनवर निखिलबद्दल म्हणाली, "अगं, लग्नाचं टेन्शन असेल त्याला. आणि तुझा तर स्वभावच काळजीचा." मग आवाज खाली आणून, "अशा पोरांचं असंच असतं बाई."

नाही, मावशी. असंच नसतं.

अशी माणसं एकच पदार्थ खाऊन राहतात, गोळ्यांनी सुस्तावतात, दवाखान्यातल्या गर्दीत पाच मिनिटं थांबू शकत नाहीत. त्याने आयुष्य कमी होत असेल, मी नाही म्हणत नाही.
पण काकाने स्वतःचा आजार दगड मांडून दाखवला होता. त्याचं आयुष्य आम्ही हसून कमी केलं.

आणि हो, माझा स्वभाव काळजीचा आहे. गॅस बंद केलाय का ते मी तीनदा बघते. तरीही निखिलला न्यायला तीन आठवडे लावले, कारण सगळे म्हणाले, तुझं नेहमीचंच.
नेहमीचंच असू दे. ह्या वेळी मी मागे फिरणार नाही.

निखिलला सुई चालते. ट्यूबलाइट आणि गोंगाट चालत नाही, काकासारखंच. लॅबवाल्या ताईंशी बोललेय. उघडल्या उघडल्या पहिला नंबर त्याचा, कानाला हेडफोन. डॉक्टर नुसतं "टेन्शन" म्हणाले तर मी रिपोर्ट पुढे ठेवून तिथेच बसून राहणार आहे.

काका, तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं.
तुला जय भीम.

निखिलची टेस्ट उद्या. मंगळवारी, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी.