पांढऱ्या कापडावरचं इंजिन

माझ्या नाकावर राग असतो, हे सांगलीत आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हैसूरला येऊन वीस वर्षं झाली, आता सरस्वतीपुरमलाही ठाऊक झालंय. त्यामुळे अंबाजीरावांची आणि माझी ओळख भांडणानं झाली यात नवल काही नाही.

नवऱ्याचा कोट कमरेत सैल करायला मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या दुकानात टाकला होता. म्हणाले, बुधवारी या. बुधवारी गेले तर कोट खुंटीला तसाच. आणि हे सत्तरीला टेकलेले गृहस्थ, गळ्यात टेप, डोळ्याला भिंग, चिमट्यात एक टिचबटण धरून वीत-दीड वीत लांबीच्या खेळण्यातल्या इंजिनाच्या तोंडावर चिकटवत बसलेले. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अहो, माझा नवरा लग्नाला काय उघडा जाणार? आणि तुम्ही इथं आगगाडी खेळताय?"

त्यांनी मान वर केली नाही. "स्वल्प थांबा की, अक्का. हेडलाइट आहे. हात हलला तर तिरळं बघंल."

मी थांबले. का थांबले देव जाणे. बटण बसलं, आणि बाई गं, इतका वेळ चपट्या तोंडाचं दिसणारं ते खेळणं एकदम माझ्याकडेच बघायला लागलं.

"आता कोट," म्हणाले, आणि माझ्यासमोर बसून अर्ध्या तासात कोट करून दिला. तोही असा की उसवलेली जागा शोधून सापडेना. माझा राग कुठं ठेवावा तेच मला कळेना.

त्या दुकानाची एक रीत होती, तिच्यावरूनही मी पहिल्या दिवशी चिडले होते. उंबऱ्याशी पितळेचा तांब्या आणि पंचा. आत यायचं तर हात धुऊन. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, घरमालक असो. अंबाजीरावांच्या वडिलांपासूनची रीत. घराणं शिंप्याचं, पाच-सहा पिढ्यांमागे इकडे येऊन राहिलेलं, घरात विठ्ठल आणि मराठी, पण मराठीत निम्मं कानडी. वडील म्हणायचे, कापडाला डाग तो शिंप्याच्या तोंडाला डाग. एकोणपन्नास वर्षांत अंबाजीरावांच्या हातून डागाळलेला कपडा बाहेर गेला नव्हता. एक सोडून, आणि तोही बाहेर गेला नाहीच. ते पुढे सांगते.

तर ते इंजिन. कुणा प्राध्यापकांचं घर रिकामं करताना त्यांच्या मुलीनं जुन्या कोटांबरोबर एक खोकं दिलं होतं, त्यात हे निघालं. परदेशी, हिरवंगार, एका बाजूनं मोडकं. दुसरा कुणी नातवंडाला देऊन मोकळा झाला असता. अंबाजीराव म्हणाले, "फिटिंग चुकलंय याचं. आल्टर करतो." आणि खरंच, अंगात न बसणारा कोट आल्टर करावा तसं त्यांनी त्या साहेबी इंजिनाचं आपल्या मीटरगेजचं इंजिन करायला घेतलं. चार वर्षं ते काम चाललं होतं.

साधनं सगळी शिंप्याचीच. टाचण्यांची डोकी उडवून त्याचे कठडे. ब्लाउजचे हुक मागं डबा जोडायच्या जागी. कापडावर खुणा काढायचं दातेरी चाक पितळेच्या पातळ पत्र्यावर फिरवलं की मागून रिव्हेटांची रांग उठायची, अगदी ओळीत. मेण लावलेला दोरा तारेवर गुंडाळून वाफेचे पाइप. दर रविवारी रेल्वे म्युझियममध्ये जाऊन तिथल्या इंजिनाची टेपनं मापं घ्यायचे. तिथला रखवालदार म्हणाला होता, "सदरा शिवताय काय हो त्याला?"

आणि चूक केली तीही शिंप्याचीच. ड्रायव्हर उभा राहतो ती केबिन त्यांनी पत्र्याची कापली. सहा महिने खपून जोडली आणि बसवली, तर दोन्ही बाजूंनी ही ढगळ! धाकट्यानं थोरल्याचा शर्ट घालावा तशी. हाताला इतकी सवय, की पत्रा कापतानासुद्धा चारी बाजूंनी शिवणीसाठी जादा सोडलेलं. मी हसून हसून स्टुलावर बसले. तेही हसले. म्हणाले, "पत्र्याला दुमड नसते, हे हाताला कोण सांगणार, अक्का?" आणि पुन्हा पहिल्यापासून कापायला घेतली.

हौसेला मोल नाही म्हणतात. पण मला राहून राहून वाटे, एवढा जीव कुणी नुसत्या हौसेसाठी पाखडत नाही. एकदा त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना, मी तोंडावरच विचारलं. त्यांनी चहा पुढं केला आणि सांगून टाकलं.

अंबाजीरावांचे थोरले भाऊ सयाजीराव. त्यांनी सुई धरली नाही. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसण्याच्या कामावर लागले. घरात ते कुणाला फारसं आवडलं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली त्यांना फायरमनची बढती मिळाली. ऑर्डर हातात पडली तसा हा माणूस शेडमधून धावत सुटला तो थेट दुकानात, धाकट्या भावाला सांगायला. तांब्याकडे लक्षच नाही. अंबाजीरावांच्या खांद्यावर नुकताच पुरा झालेला एका नवरदेवाचा पांढरा कोट होता. सयाजीरावांनी भावाला मिठी मारली, आणि कोटाच्या पाठीवर पाच बोटं उठली. काळीकुट्ट. नवरदेवाची माणसं समोर बसलेली.

"हे काय बोलले ठाऊक आहे?" इंदिराबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत बोलले, 'हे मसीचे हात घेऊन पुन्हा या दुकानात पाय ठेवू नकोस.'"

मसी म्हणजे काजळी. सयाजीराव उलट्या पावली गेले. अंबाजीरावांनी दोन दिवसांत नवा कोट शिवून दिला. पण त्यानंतर चाळीस वर्षं सयाजीरावांनी त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. घरातल्या लग्नाची पत्रिका द्यायची तरी समोरच्या हॉटेलाशी उभं राहून दुसऱ्याच्या हाती आत पाठवायची. विठ्ठल मंदिरात एकादशीच्या भजनाला एक मृदंग वाजवणार, दुसरा टाळ. ठेका एकमेकांचा चुकवणार नाहीत, पण बोलणं नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी ही दोन माणसं.

"आणि आता पाडव्यानंतर ही इमारतच पाडणार आहेत," इंदिराबाई म्हणाल्या. "दुकान बंद. त्याच्या आधी भाऊ एकदा आत यावा, एवढंच धरून बसलेत. म्हणून ते इंजिन. सयाजीभावोजी ज्याच्यावर होते ना, तेच करतायत. नंबर शेवटी सत्तेचाळीस."

मला रडू आलं आणि रागही आला. चार वर्षं पत्रा कापत बसण्यापेक्षा जाऊन पाय धरावेत की नाही! पण पुरुषाची जात. तोंड उघडायचं सोडून बाकी काय वाटेल ते करतील.

माघ सरता सरता इंजिन पुरं झालं. काय सांगू! काळंभोर, आरशासारखं. पितळ असं घासलेलं की त्यात तोंड दिसावं. नंबर सोनेरी. अंबाजीरावांनी ते मलमलीत गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि माझ्याकडे दिलं. "तुम्ही नेऊन दाखवा, अक्का. आवडलं तर म्हणावं, दुकानात परत आणून ठेवतो, येऊन घेऊन जा."

"तुम्ही का नाही जात?"

"अय्यो, मला नको. तो दारातून परत पाठवंल."

गेले यादवगिरीला. सयाजीराव ओट्यावर बसून भिजवलेल्या अवऱ्याची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, सालं काढत होते. खोकं पाहिलं, ऐकून घेतलं, आणि आत जाऊन साबणानं हात धुऊन आले.

इंजिन त्यांनी तळहातावर घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन फिरवून पाहिलं. मग एका पाइपावर बोट ठेवलं. "हा इथं वाकलेला होता. सत्तेचाळीसचाच फक्त. म्युझियमच्या इंजिनाला हे नाही. याला कुणी सांगितलं?"

इंदिराबाईंनी मला हेही सांगितलं होतं, म्हणून मी बोलून गेले. "ते बघायचे. अशोकपुरमच्या फाटकात उभे राहायचे, तुमची गाडी जायच्या वेळेला. कैक वर्षं."

सयाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. "फाटकात?"

"हो."

त्यांनी इंजिनाच्या नंबरावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, झालं, जमलं! मी मनातल्या मनात साखर वाटायलाही घेतली. पण त्यांनी इंजिन पुन्हा मलमलीत गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं माझ्याकडे सरकवलं.

"काम फार सुरेख. पण हे माझं इंजिन नव्हे, ताई. हा नवरदेव आहे. मसी कुठाय? चोवीस वर्षं मी मसी खाल्ली. माझी भाकरी त्यातली. एवढं सगळं केलंन, तेवढं पुसून टाकलंन. मसी पुसली की मी पण उरत नाही त्यात. सांगा त्याला."

मी तशीच रिक्षा करून दुकानात आले आणि शब्दन् शब्द सांगितला. वर माझेही चार घातले. "तुम्हाला अजून घाण वाटते ना हो ती? मग कशाला त्या बिचाऱ्याला खेळवताय?"

अंबाजीराव उठले. देवापुढच्या समईवर पितळेची ताटली धरली, काजळी धरू दिली, बोटाला घेतली. बोट इंजिनापर्यंत नेलं. आणि थांबलं. अर्धशतक ज्या हातानं डाग पडू दिला नाही, तो हात पुढं जाईना. दोनदा नेलं, दोनदा मागं घेतलं. शेवटी तांब्यातलं पाणी घेऊन बोट धुतलं आणि डोकं धरून खाली बसले.

"घाण वाटत नाही, अक्का," म्हणाले. "विठ्ठलाची आण. मला येत नाही. कुठं किती लागते ते मला ठाऊकच नाही. मी नुसतं लांबून बघितलं."

"मग ज्याला येतं त्याला बोलवा."

"तुम्ही जरा..."

"मी नाही!" मी ओरडलेच. "निरोप्याचं काम मी सोडलं. चपला घाला आणि निघा."

पाडव्याआधीच्या रविवारी सकाळी इंदिराबाईंचा फोन आला, या म्हणून. दुकान आवरून झालं होतं. मशीन गेलेलं, खुंट्या रिकाम्या. फक्त कापायचं टेबल मध्ये, आणि त्यावर अंबाजीरावांनी अंथरलेलं पांढरं स्वच्छ कापड. ठेवणीतलं, शेवटचं. त्यावर सत्तेचाळीस नंबर आणि शेजारी वाटीत एरंडेलात कालवलेली काजळी. अंबाजीराव स्वतः यादवगिरीला गेले होते.

अकराच्या सुमारास दोघं येताना दिसले. अंबाजीराव पुढं, सयाजीराव दहा पावलं मागं, जसे काही अनोळखी. उंबऱ्याशी येऊन सयाजीराव थांबले. चपला काढल्या. मग खाली बघत उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"तांब्या कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकला," अंबाजीराव म्हणाले. "तसाच ये."

सयाजीराव हलले नाहीत. बहात्तर वर्षांचा माणूस, लहान मुलानं परवानगीची वाट बघावी तसा उभा.

"दादा," अंबाजीरावांचा आवाज फाटला. "माझं चुकलं रे. त्या दिवशी तू काय सांगायला आलतास, ते मी विचारलं पण नाही."

"फायरमन झालो म्हणून सांगायला आलतो," सयाजीराव म्हणाले, आणि आत आले.

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण रडताना मी फार वाईट दिसते.

मग सयाजीरावांनी वाटीत बोटं बुडवली. धुराड्यामागं जिथं धूर पडतो तिथं काजळी अंगठ्यानं ओढली. खाली राख सांडते तिथं थोपटली. पाण्याच्या टाकीवर कोळशाची भुकटी बसते तिथं टिपली. केबिनच्या कठड्यापाशी मात्र बोट थांबलं, आणि दुसऱ्या हाताच्या स्वच्छ बोटानं त्यांनी तेवढीच जागा पुसून चकचकीत केली. "इथं माझा हात असायचा," म्हणाले. अंबाजीराव भिंग लावून बघत होते, उमेदवारानं मास्तरांचा हात बघावा तसे. दहा मिनिटांत तो नवरदेव गेला आणि खरंखुरं, दमलेलं, कामावरून आलेलं इंजिन समोर उभं राहिलं.

सयाजीरावांनी हात हवेतच धरला आणि पुसायला चिंधी शोधू लागले. चिंधी नव्हती. सगळीकडे पांढरं कापड.

"पूस की," अंबाजीराव म्हणाले.

"वेडा आहेस? एवढं चांगलं कापड."

अंबाजीरावांनी भावाचं मनगट धरलं आणि तो हात, सगळाच्या सगळा, कापडाच्या मधोमध दाबला.

दुकान आता नाही. इमारतही पाडून झाली. इंजिन यादवगिरीला सयाजीरावांच्या कपाटात आहे. आषाढी एकादशीला मी विठ्ठल मंदिरात गेले होते. अंबाजीराव पुढं टाळ घेऊन बसलेले, त्यांच्या मागंच मृदंग घेऊन सयाजीराव. अंबाजीरावांच्या अंगात नवा पांढरा सदरा होता. त्या दुकानात त्यांनी कापलेला शेवटचा कपडा. कापताना माप असं धरलं होतं की पाचही बोटं बरोबर पाठीवर येतील.