वेशीवरून परतलेली गाडी

खड्डा निम्मा झाला होता, तेव्हा गावच्या पोरांनी फावडी काढून घेतली. भावजयीचा देह वेशीवर ॲम्ब्युलन्समध्ये होता. जळकोटजवळचं आमचं गाव, चैत्रातली दुपार. बर्फाचं पाणी गाडीच्या दारातून खाली गळत होतं.

"इथं न्हाई जमायचं, सर," म्हातारा पाटील माझ्या भावाला म्हणाला. "पोरं ऐकत न्हाईत. तुमच्या धर्माची माती आता गावात नको म्हणायलेत. लातूरला हाय की तुमचं कब्रस्तान."

"माझं लेकरू इथं आहे, पाटील."

"ते जुनं झालं. तवाची गोष्ट येगळी व्हती."

त्या लेकराजवळच भावजयीला जायचं होतं. तिचं पहिलं बाळंतपण गावात झालं. पोरगी आठवडाभर जगली. तिला लिंबाखाली पुरलं, तेव्हा खड्डा गावातल्याच माणसांनी खणला होता. पुढं मूल झालं नाही. मरताना भावजय एवढंच म्हणाली, मला तिच्या शेजारी ठेवा. भाऊ हो म्हणाला.

भाऊ लातूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा, पेपरात लिहायचा. आम्ही कॅथलिक. मी चौथी शिकलेली, नवरा गेल्यावर भावाच्याच घरी राहिले. त्याचे विचार मला जेवताना कळले. संध्याकाळी जपमाळ झाली की ताटावर बसून सुरू व्हायचा. माणूस पापात जन्मतो, म्हणून स्वर्ग इथंच आणून देतो म्हणणाऱ्या पुढाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घराला जमतं ते गावानं करू नये, गावाला जमतं ते सरकारनं करू नये. हे आपलं चर्चच शिकवतं, म्हणायचा. मी म्हणायचे, "भाकरी गार व्हायली."

जुन्या वळणाच्या त्याच्या हिंदू मित्रांना हे फार पटायचं. नाताळात करंज्या खायला यायचे. जत्रेतला बोकड बंद करा असा वरून हुकूम आला, तेव्हा गावानं त्याला बोलावून नेलं. पारावर उभा राहून तो म्हणाला, गावाचा रिवाज गाव ठरवील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल घातली, नारळ दिला.

पाटलानं आता तेच काढलं. "सर, पारावर तुम्हीच म्हणला व्हता. गावाचं गावानं ठरवावं म्हणून." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मागून मात्र कुणीतरी हसलं, "सरांचाच धडा सरांना!"

तहसीलदार भावाचा विद्यार्थी होता. मी म्हणाले, "त्याला फोन लाव."

"नको, अक्का."

"बाई उन्हात पडलीय अन् नको काय म्हणतोस?"

"पोलीस उभे करून पुरली, तर परवा उकरतील."

"उकरू दे. तोवर तरी पोरीजवळ राहील."

सोबत आलेले फादर हळू आवाजात म्हणाले, "सर, खालचा अन्याय करत असेल तर वरच्यानं हात घालावा, हेही चर्चच शिकवतं."

"माहीत आहे, फादर."

"मग?"

"दुसऱ्यांच्या वेळी मी गावाची बाजू घेतली. आता माझ्या घरचं माणूस आलं म्हणून पोलीस बोलावू?"

करंज्या खाणाऱ्यांपैकी एकाला त्यानं फोन केला. गावात त्या माणसाचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "सर, सध्या वातावरण बरं नाही." भावानं फोन खिशात ठेवला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

लातूरला दिवस मावळताना आम्ही तिला मूठमाती दिली.

वाचणाऱ्याला वाटेल, मग भाऊ बदलला असेल. नाही बदलला. थोड्याच दिवसांत पेपरात पुन्हा तेच लिहिलं, त्याच ठाम शब्दांत. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, भाकरी तेवढी थापत राहिले. शेवटी एकदा विचारलं, "त्या लोकांना माफ केलंस?"

"करावंच लागतं, अक्का."

"शब्द तिला दिला होतास. गावाला नाही."

तो जपमाळ घेऊन आत गेला.

गेल्या पावसाळ्यात तोही वारला. तिच्याच शेजारी पुरला. गावातला लिंब रस्त्यासाठी तोडला म्हणे. पोरीची जागा कुठली, हे आता कुणाला सांगता येत नाही. फादर त्याच्या आधीच गेले. त्या दिवशी वेशीवरून तिला घेऊन परतलो, त्या घरच्यांपैकी मी एकटी जिवंत आहे.