चूक सरांची खुली परीक्षा

चूक सरांना कुठलीही हकीकत सांगा, ती संपायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "बरं, चूक कुठं झाली?" मग कुणाचं ठरलेलं लग्न मोडलेलं असो, बोअरला पाणी लागलेलं नसो, की इंग्रजीत माझा निकाल लागलेला असो. दोन मोटारसायकली धडकल्या की लोक भांडण सोडवायला धावत आणि सर कोण कुठून वळलं ते विचारत उभे राहत. नांदूरघाटात त्यांचं खरं नाव बहुधा पोस्टमनलाच माहीत असावं.

हा प्रश्न त्यांनी ग्रीक शोकांतिकेतून उचलला होता. कॉलेजात ते आम्हाला इंग्रजी शिकवत, पण पाठ्यपुस्तक दहा मिनिटांत बाजूला पडे आणि ज्या खुन्याला शोधतोय तो आपणच, हे ठाऊक नसलेला ग्रीक नाटकातला राजा वर्गात येई. "पाप येगळं, चूक येगळी," सर सांगायचे. "पाप शेजाऱ्याचं दिसतं. चूक आपली असती, अन् चांगल्या मानसाच्या हातून होती. म्हनून तर रडू येतं." ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं आम्ही. आम्हाला राजाचं कौतुक नव्हतं, पण तासाची घंटा झाली तरी आम्ही उठायचो नाही.

सर आता नाहीत. मी स्वतः शिकवते, आणि तोच प्रश्न माझ्या तोंडून निघाला की मुलं माझ्या पाठीमागे हसतात. हसू देत.

सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध पुरा झाला. एका बाजूला ग्रीक शोकांतिका, दुसऱ्या बाजूला आजची एक मराठी कादंबरी. तिच्यातला सरपंच गावाच्या भल्यासाठी तलावाच्या कागदावर सही करतो आणि त्याच तलावात गाव जातं. राजा आणि सरपंच यांचा मेळ सरांनी सुरेख घातला होता. पण त्यांचा खरा जीव चौथ्या प्रकरणात होता. ग्रीक नाटकात कोरस असतो, म्हणजे कडेला उभं राहून घडणाऱ्या गोष्टींवर बोलणारा लोकांचा समूह. आजच्या कादंबरीतून तो नाहीसा झाला आहे, आजचा माणूस एकटाच पडतो, असं सरांचं म्हणणं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. प्रबंध परत आला असता तर सगळंच संपलं असतं.

मौखिक परीक्षा खुली होती. 'इच्छुकांनी उपस्थित राहावे' असं विद्यापीठाचं पत्र सरांनी भोळेपणानं गावच्या ग्रुपवर टाकलं. बोलावणं आलंय आणि जायचं नाही? आमच्याकडे तसं होत नाही. टेम्पो भरून चाळीस माणसं आली, फेटा आणि पेढे घेऊन. प्राध्यापकांच्या खुर्च्यांवर सरांच्या रोजच्या चहाच्या हॉटेलातले दगडूतात्या आणि मंडळी ऐसपैस बसली.

बाहेरगावचे परीक्षक कडक होते. "राजा उंचावरून पडतो. साध्या सरपंचाला पडायला उंची कुठली?" त्यांनी विचारलं. सर तोंड उघडणार तोच मागून तात्या म्हणाले, "सरपंच साधा नसतो, सायेब." हॉटेल चालवणाऱ्या पारूबाई म्हणाल्या, "सही करू नगं म्हनलं असंल की कुनीतरी. ऐकलं न्हाई त्यानं." "लई हट्टी दिसतोय," तिसरा आवाज. कादंबरी एकानंही वाचलेली नव्हती. अध्यक्षांनी तीनदा शांत राहायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षक चौथ्या प्रकरणावर आले. "कोरस नाहीसा झाला, या मतावर तुम्ही ठाम आहात?"

सर वळून सभागृहाकडे बघत राहिले.

"न्हाई," सर म्हणाले. प्रमाणभाषा सुटली होती. "चूक झाली, सर. या कादंबरीत प्रत्येक प्रकरण चहाच्या हॉटेलात सुरू होतं. बसलेली माणसं सरपंचावर बोलतात, त्याला सावध करतात, त्याच्यासाठी हळहळतात. तोच कोरस. मी रोज तसल्याच बाकड्यावर बसतो, म्हनून मला तो दिसला न्हाई. माझं चौथं प्रकरण चूक हाय."

मला वाटलं, संपलं. हो म्हणून वेळ मारून नेली असती तर कुणाला कळणार होतं?

परीक्षकांनी चष्मा काढला. "या खुर्चीत बसून इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "स्वतःची चूक परीक्षकाच्या आधी सापडलेला उमेदवार मी आज पहिल्यांदा पाहिला. आत्ता बोललात ते दोन पानांत लिहून प्रबंधाला जोडा. पदवीची शिफारस मी करतोय."

अध्यक्षांचं पुढचं बोलणं टाळ्यांतच बुडालं. फेटा परीक्षकांसमोरच बांधला गेला, पेढा त्यांच्याही तोंडात गेला, आणि मी लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडले.

परतताना सर टेम्पोत सगळ्यांच्या मधोमध बसले. तात्या म्हणाले, "आवं, पर त्या राजाचं काय झालं ते तर सांगा." सर सांगू लागले. "आरं, नगं इचारू आता!" पारूबाई राजाला ओरडत होत्या. "ऐकतंय व्हय ते!" तात्या कपाळावर हात मारत होते. दिवस मावळता टेम्पो नांदूरघाटात येऊन थांबला, तेव्हा राजाला अजून काहीच कळलेलं नव्हतं, आणि खाली उतरायला कुणी तयार नव्हतं.