खालच्या मडक्यातली पत्रे

“साहेब, खालच्या टोपलीत माझं सामान होतं. ते कुठं गेलं?”

पार्वतीताईंनी हे विचारले तेव्हा मी निघण्याच्या तयारीत होतो. काम संपले होते. लातूरच्या त्या कोचिंग क्लासच्या ऑफिसातले जुने ई-मेल सॉफ्टवेअर काढून मी नवे बसवले होते, सरांना चालवून दाखवले होते आणि त्यांनी “एकदम फर्स्ट क्लास” असा शेराही दिला होता. मी बॅगेची चेन लावत होतो.

“कुठली टोपली?” मी विचारले.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवले. नव्या सॉफ्टवेअरमधला ‘डिलीटेड आयटेम्स’ हा फोल्डर. तो पूर्ण रिकामा होता. दुपारी जुन्या सॉफ्टवेअरमधला तो फोल्डर मीच रिकामा केला होता.

मी मूळचा मुखेडचा. लातुरात तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीचे छोटे दुकान चालवत असे. भूकंपाला पंधरा वर्षे झाली होती आणि शहरात क्लासेसचा जोर होता. उन्हाळा आला की बसस्टँडवर ट्रंका आणि गाद्या घेतलेली मुले उतरत. प्रत्येक क्लासला ऑफिस, आणि ऑफिसला निदान एक कॉम्प्युटर. माझा चरितार्थ त्यावर होता.

या क्लासचे सॉफ्टवेअर फार जुने झाले होते. त्याची रीत अशी, की आलेले मेल ते सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेई आणि सर्व्हरवरचे पुसून टाकी. टपालपेटीतून पत्रे घरी आणावीत, तसे. पेटीत मग काही उरत नाही. जे काही असेल ते घरातल्या कपाटात, म्हणजे त्या एका हार्ड डिस्कवर. ते कपाट आता इतके भरले होते, की इनबॉक्स उघडेपर्यंत चहा पिऊन होई.

“दोन दिवसांत करून द्या,” सर म्हणाले होते. “ॲडमिशन सुरू व्हायल्यात. पालकांचे मेल यायलेत अन् हे यंत्र झोपा काढायलंय. पण एकबी मेल, एकबी पत्ता जाऊ देऊ नका.”

“काही जाणार नाही,” मी म्हणालो होतो. हे वाक्य मी तेव्हा प्रत्येक ग्राहकाला म्हणत असे.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी बॅकअप, म्हणजे आहे त्या सगळ्याची जशीच्या तशी दुसरी प्रत. मग काँटॅक्ट्सची यादी वेगळी काढायची. मग इम्पोर्ट, म्हणजे जुन्या घरातले सामान नव्या घरात नेणे. शेवटी जुने पुसायचे, तेही ग्राहकाने महिनाभर नवे वापरून पाहिल्यावर. हा क्रम मी इतरांना शिकवलेला होता.

त्या दिवशी मी तो मोडला. बॅकअप घ्यायला बसलो तर सगळा डेटा माझ्याजवळच्या पेन ड्राइव्हमध्ये मावेना. पाहिले, तर निम्मी जागा ‘डिलीटेड आयटेम्स’ने खाल्ली होती. वरवर पाहिले. लॉटरी लागल्याचे मेल, औषधांच्या जाहिराती. दुसरा ड्राइव्ह दुकानात होता आणि दुकान पंधरा मिनिटांवर. मी उठलो नाही. फोल्डर रिकामा केला आणि लगेच ‘कॉम्पॅक्ट’ केला. कॉम्पॅक्ट म्हणजे पुसलेल्या मजकुराची जी रिकामी जागा फाईलमध्ये मागे राहते, ती दाबून काढून टाकणे. ते करेपर्यंत पुसलेले परत मिळू शकते. त्यानंतर जवळजवळ नाही. मग बॅकअप घेतला. तो सहज मावला.

“टोपलीत तर कचरा होता, ताई,” मी म्हणालो.

“वर कचरा. खाली माझ्या भावाची पत्रं.”

पार्वतीताई त्या ऑफिसात फॉर्म भरून घेण्याचे आणि पालकांच्या मेलना उत्तरे देण्याचे काम करीत. वय चौतीस-पस्तीस. भूकंपात त्यांच्या घरातले सगळे गेले. त्या आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ अंकुश, एवढेच वाचले. एका संस्थेने अशा मुलांना पुण्याच्या वसतिगृहात नेले, त्यात ताईंनी त्याला पाठवले. तो तिथेच शिकला आणि बंगळूरला नोकरीला लागला. त्याचे मेल क्लासच्या पत्त्यावर येत, कारण ताईंचा स्वतःचा पत्ता नव्हता.

“पण डिलीटेडमध्ये का ठेवले?”

“मग कुठं ठेवू? इनबॉक्स सर बघतात, ऑफिसातल्या पोरी बघतात.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी अगदी साधी गोष्ट विचारली. “आमची आई उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात सोन्याचे डाग ठेवायची. वर जवस, कारळ, राखबी. चोर वरचं मडकं बघतो. केराच्या टोपलीत कोण हात घालतंय, साहेब?”

मी हात घातला होता.

आणि इथे मी दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षा जास्त टोचते. मी म्हणालो, “सॉफ्टवेअर बदलताना सिस्टीम कधी कधी आपोआप साफ करते. बघतो काय करता येते ते.” सिस्टीमने काही केले नव्हते. ताईंनी मान हलवली. यंत्राच्या बाबतीत माझा शब्द त्यांना अंतिम होता. घरी जाऊन जेवलो, पण जेवण गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताना मी दारात उभा होतो. पुसलेला मजकूर शोधून देणारे सॉफ्टवेअर सोबत होते. ते सुरू करण्याआधी म्हणालो, “ताई, काल मी खोटं बोललो. सिस्टीमने नाही, मी पुसले. न विचारता.”

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “रात्रीच कळलं मला. यंत्र एवढं निवडून-निवडून माझंच कशाला नेईल?”

ते सॉफ्टवेअर दिवसभर चालले. सापडले ते सगळे औषधांच्या जाहिरातींचे तुकडे. संध्याकाळी सर डोकावले. “काय हो, काल तर झालं म्हणला होतात?”

“माझ्याकडून एक चूक राहिली, सर. दुरुस्त करतोय.”

“फीचे मेल हायत ना जागेवर?”

“आहेत.”

“मग चालू द्या,” म्हणून ते वर्गावर गेले.

तेव्हा मला ‘सेंट’ फोल्डर आठवला. आपण एखाद्या मेलला उत्तर देतो, तेव्हा मूळ मेल आपल्या उत्तराच्या खाली आपोआप चिकटलेला राहतो. ताईंनी अंकुशला उत्तरे दिली असतील, तर त्यांच्या स्वतःच्या पत्रांखाली त्याची पत्रे असणार. आणि सेंट फोल्डर मी इम्पोर्ट केलेला होता. शोधले. एकोणीस उत्तरे निघाली. प्रत्येकाखाली अंकुशचे पत्र, ओळीओळीच्या आधी ‘>’ असे बाण लागलेले, पण शब्द न् शब्द शाबूत.

मला हायसे वाटले. “मिळाली, ताई! एकोणीस!”

त्यांनी एकेक उघडून पाहिले. घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, “वीस होती.”

“एखादे राहिले असेल. कोणते?”

“शेवटचं. त्याला मी उत्तर दिलं न्हाई.”

जेवढ्यांना उत्तर दिले तेवढी वाचली होती. जे अनुत्तरित राहिले, तेवढेच गेले.

“काय होतं त्यात?”

“मजकूर पाठ हाय मला. त्यानं इचारलं होतं, ताई, तू मला बसमध्ये का बसवलंस? मला तुझ्यापाशी राहायचं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो असतो.” त्या स्क्रीनकडे पाहत बोलत होत्या. “तीन महिने झाले. रोज उत्तर लिहिते मनात. इथं रोज आया येतात, लेकरं होस्टेलात टाकतात, अन् मला इचारतात, ताई, बरं राहील ना ओ? मी म्हणते, राहील की. त्याला काय लिहू, ते सुधरंना.”

“मग आता लिहा. पत्ता काँटॅक्ट्समध्ये आहे.” ज्याला आपण उत्तर देतो त्याचा पत्ता जुने सॉफ्टवेअर आपोआप नोंदवून ठेवी. ती यादी मी नीट आणली होती.

“तो पत्ता कंपनीचा. नोकरी सोडली त्यानं, नंबरबी बदलला. नवा पत्ता त्याच पत्रात होता. मजकूर पाठ होतो, साहेब. पत्ता कोण पाठ करतंय?”

जुन्या पत्त्यावर मेल पाठवून पाहिला. दोन मिनिटांत परत आला. बंगळूरच्या कंपनीला फोन केला, पुण्याच्या वसतिगृहाला केला. कोणाकडे नवे काही नव्हते.

“थोडे तरी आठवते का, पत्ता कसा होता?”

“त्याचं नाव. मग गावाचं नाव. मग त्र्याण्णव.” त्या म्हणाल्या, “भूकंपाचं साल घेतलं त्यानं, बघा. जन्माचं न्हाई घेतलं.”

मेलची कंपनी कोणती, तेही त्यांना आठवत होते. फुकटात पत्ता देणारी, सगळ्यांची असते ती. एवढ्याने पत्ता मिळायला हवा होता. पण गावाचे नाव तळणवाडी. ते इंग्रजीत कसे लिहायचे हे कोणी ठरवलेले नाही. ‘वाडी’ला व्ही की डब्ल्यू? शेवटी आय, वाय की दोन ई? ‘त’च्या मागे एच आहे की नाही? ‘ळ’ला एक एल की दोन? पुनर्वसनात गाव नव्या जागी बसले, तेव्हा शाळेच्या पाटीवर एक स्पेलिंग आणि बसथांब्यावर दुसरे, असे ताईच म्हणाल्या. मी कागदावर चोवीस पत्ते तयार केले.

“पण पाठवायचं काय?” मी विचारले.

“जरा सरका,” त्या म्हणाल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ऑफिसच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. एक बाप मुलाची ट्रंक खांद्यावरून उतरवून ऑफिसबाहेरच्या बाकावर टेकला होता. त्याला मी थोडे थांबायला सांगितले. पाऊण तासाने ताईंनी हाक मारली. पत्र मी वाचले नाही. आजही मला माहीत नाही, की त्यांनी त्याला काय कारण दिले. मी फक्त ते चोवीस वेळा पाठवले.

बावीस परत आले. दोन आले नाहीत.

“म्हणजे पोचले?” ताईंनी विचारले.

“दोन पत्ते खरे आहेत, एवढेच कळते. ते कोणाचे आहेत आणि कोणी वाचले का, ते कळत नाही.”

एकातून आठवड्याने उत्तर आले. कोणी दुसरेच अंकुश होते. त्यांनी सभ्यपणे लिहिले, की हे पत्र माझे नाही, पण पूर्ण वाचले, माफ करा. दुसऱ्या पत्त्यावरून काही आले नाही.

पुढे क्लास मोठा झाला, नव्या इमारतीत गेला, पत्ताही नवा घेतला. सर जुने खाते बंद करायला सांगत होते. मी विनंती केली, की ते माझ्याकडे राहू द्या, सांभाळतो. कारण अंकुशने पुन्हा लिहायचे म्हटले, तर त्याच्याजवळ तेवढाच पत्ता आहे. ते खाते अजून चालू आहे. मी आता नांदेडला असतो आणि दुकान भाच्याकडे दिले आहे. हाताखाली नवे तंत्रज्ञ येतात. त्यांना सांगतो, ग्राहकाला ‘यातले काय नको आहे?’ असे विचारू नका. ‘तुम्ही कुठे काय ठेवता?’ असे विचारा. आणि दुसरा पेन ड्राइव्ह सोबत बाळगा. ते हसतात, आता सगळे क्लाउडवर असते.

दर सोमवारी सकाळी मी ते खाते उघडून एकेक मेल हाताने पाहतो. थोड्या वेळाने ताईंचा फोन येतो.

“साहेब, काही?”

“जाहिराती आहेत, ताई.”

“मग टाका टोपलीत. रिकामी करू नका.”

“नाही करत.”