आईच्या पायांवर बाळ

आम्ही गाव सोडलं तेव्हा निरोप द्यायला कुणी आलं नाही. सकाळची वेळ होती, सगळा गाव जागा होता. पाथर्डीला जाणाऱ्या एसटीसाठी मी आणि आई फाट्याकडं निघालो. आईच्या डोक्यावर बोचकं, माझ्या हातात पत्र्याची पेटी. वाटेत ज्या बायका दिसल्या, त्यांनी आपापली तान्ही पोरं पदराखाली झाकली. एकीनं दुसरीला ओरडून सांगितलं, "पोराला आत घे गं, ती चाललीय." आईनं मान वर केली नाही. मी मात्र एकेकीचं तोंड नीट बघून घेतलं. ती तोंडं मला अजून पाठ आहेत.

तुम्ही गावकरी विसरला असाल, म्हणून सांगते. माझ्या धाकट्या चुलतीचं बाळ त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी गेलं. विहीर तळाला गेली होती, त्या गढूळ पाण्यानं गावातली बरीच पोरं आजारी होती. पण आदल्या दिवशी आईनं त्याला मांडीवर घेऊन "लई देखणं हाय गं" म्हटलं होतं, आणि भाकरी करायच्या घाईत कानशिलांवर बोटं मोडून त्याची दृष्ट काढायची राहून गेली होती. चूक म्हणाल तर एवढीच. विधवा बाई, पाठीशी मुलगा नाही, कुणावर तरी ढकलायचंच तर हिच्यावर ढकलणं सोपं. देवऋष्यानं तांदूळ टाकले आणि आईचं नाव घेतलं. मग देवळापुढं तिला लिंबाच्या फोकांनी झोडपलं. मी धावले तर सख्ख्या चुलत्यानं मला धरून ठेवलं. बघणाऱ्यांत शिकलेले लोकही होते.

कोपरगावला मामा साखर कारखान्यात कामाला होता, त्यानं एक खोली बघून दिली. आई उसात खुरपायला जाऊ लागली. पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस, कारखान्याचा भोंगा आणि डोक्यात जाणारा मळीचा वास. आम्हा कोरडवाहू माणसांना एवढं पाणी बघूनच वेड लागायची पाळी आली. आजूबाजूच्यांनी खोदून काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्यातलेही काही जण इकडं कामाला आले, पण त्यांनी ओळख दाखवली नाही. बरंच झालं.

पुढं माझं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, म्हणजे त्याच खोलीत आले. शेक-शेगडी, अळिवाची खीर, आईनं कशात काही कमी केलं नाही. पण सगळं माझ्या लेकीकडं पाठ करून. आजीनं पाय पसरून बसायचं आणि नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, ही आपल्याकडची रीत. इथं न्हाऊ घालायला शेजारच्या भागाबाई यायच्या आणि आजी दाराबाहेर जाऊन बसायची. एक दिवस भागाबाई आल्या नाहीत. पाणी तापलेलं होतं. मी म्हटलं, "आई, तू घे."

चुलीकडं तोंड करून ती म्हणाली, "नगं बाई. माझी नजर वाईट हाय."

म्हणजे तिला ते पटलं होतं! मार कधीतरी विसरता आला असता, पण तुम्ही तिला तिचीच भीती घातलीत. मला रागानं रडू फुटलं. बाळ तिच्या पुढ्यात ठेवलं आणि मी बाहेर उन्हात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला, मग बाळाचं रडणं, आणि मग आईचं, "झालं, झालं माझे बाय."

त्याच संध्याकाळी बाळाला ताप भरला. आई बोचकं बांधायला लागली. "मी म्हनलं न्हवतं?" एवढंच बोलली. मामानं डॉक्टरांना बोलावून आणलं. साधं पडसं होतं, औषधानं उतरलं. ताप गेल्यावर मी पुन्हा पाणी तापवलं आणि बाळ पुन्हा तिच्याच पुढ्यात ठेवलं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? मीही तुमच्यातच वाढलेली. पण या वेळी मी बाहेर गेले नाही, आणि आईनं पहिल्यांदाच नातीच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

आता जत्रेला या म्हणून तुमचे निरोप येतात. झालं गेलं विसरा म्हणता. आमच्या गल्लीतल्या बाळांना आता आईच न्हाऊ घालते, बायका मुद्दाम बोलावून नेतात. तरी नव्या बाळाला उचलण्याआधी ती त्याच्या आईकडं बघते आणि हळूच विचारते, "घेऊ ना?" इतक्या वर्षांनीही. हे विचारायला तिला तुम्ही शिकवलंत, आणि त्याची माफी माझ्याकडून मिळणार नाही. माझ्या पोरांना ती न विचारता उचलते. घर म्हणतात ते मला तेवढंच मिळालं.