नरसूच्या निबंधातली सहा पानं

नरसू गेल्याची तार दिल्लीला ऑफिसात आली, तेव्हा मी टॉवेलच्या निर्यातीचीच फाईल पुढ्यात घेऊन बसलो होतो. कावीळ झाली होती, ती त्यानं अंगावर काढली. उणापुरा बत्तीस वर्षांचा माणूस! मी सोलापूरला पोचेपर्यंत दहावाही उरकला होता... आता महिना होईल त्याला. पण ती सहा पानं काही माझ्या डोक्यातून जात नाहीत. कसली पानं, ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय.

नरसय्या आणि मी, आम्ही सोलापुरात अर्थशास्त्राचं एम.ए. एकत्र केलं. माझे वडील कारकून, त्याचे भवानी पेठेत हातमागावर टॉवेल विणणारे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि माझ्याशी खास सोलापुरी, ‘काय बे वसंता, कुठं उलथला होतास?’ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तासाला हा ठरलेला पहिल्या बाकावर. सर सांगायचे, जी वस्तू जिथं स्वस्त तयार होते तिथून ती परदेशात जाते. लगेच याचा हात वर, ‘सर, पण ती स्वस्त का होते?’ अख्खा वर्ग कपाळाला हात लावायचा. एम.ए. संपता संपता दिल्लीतल्या एका संस्थेची जाहिरात आली. परदेशी व्यापार, परकीय गुंतवणूक आणि विकासाचं धोरण, असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. आधी इंग्रजीत निबंध पाठवायचा, मग मुलाखत. आम्ही दोघांनीही अर्ज करायचं ठरवलं, पण मला नुसतं दिल्लीला जायचं होतं आणि त्याला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. नाही जमलं तर वडिलांच्या मागावर बसायचं, हेही त्याला ठाऊक होतं.

निबंधाचा विषय त्यानं घेतला सोलापूरचा टॉवेल. छापील तक्ते घेऊन पेठेतली घरं पालथी घातली. ‘विणकाम करणारी माणसं किती?’ या प्रश्नाला जो तो सांगायचा, मी आणि भाऊ, नाहीतर मी आणि पोरगा. मागं बायका रहाटावर कांड्या भरत बसलेल्या असायच्या. सूत भरलेली कांडी धोट्यात गेल्याशिवाय माग एक आडवा धागा टाकत नाही, पण बायकांना कुणी मोजायचं नाही. कहर म्हणजे नरसूनं स्वतःच्या घराच्या तक्त्यातही लिहिलं होतं, ‘एक, वडील.’ आणि ते लिहिताना अम्मा, म्हणजे त्याची आई, समोर कांडी भरत होती! दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाला, ‘वसंता, मी आईलाच विसरलो बे.’ मग पुन्हा सगळी घरं फिरला आणि बायकांचे तास लिहून घेतले. त्यातून सहा पानं झाली. टॉवेल स्वस्त का, याचं त्याला सापडलेलं उत्तर त्या पानांत होतं: बायकांच्या या तासांची मजुरी किमतीत धरलीच जात नाही.

टायपिंग मला येत होतं, म्हणून निबंध मी टाईप करायचं ठरलं. त्यातच त्याच्या वडिलांनी अंथरूण धरलं, आणि हा दिवसभर मागावर. इकडे सर मला म्हणाले, घरच्या बायकांचं काम व्यापारात कुठं येतं? दिल्लीवाले हसतील. मला पटलं. नरसूला विचारलं असतं तर तो ऐकणार नाही, म्हणून विचारलंच नाही. सहा पानं वगळली, बाकीचं नीट टाईप केलं आणि टपालात टाकलं. मित्राचं भलंच करतोय, असं वाटत होतं... खरंच तेवढंच वाटत होतं का? त्याचा निबंध माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, हेही मला दिसत होतं. आज ते कबूल करतो.

मुलाखतीत त्याला नेमकं विचारलं, तुमचा टॉवेल इतका स्वस्त कसा पडतो? हा भडाभडा बायकांच्या तासांबद्दल बोलला. निबंधात कुठं आहे हे, दाखवा, म्हणाले. त्यानं पानं चाळली, पुन्हा चाळली... थापा मारणारा ठरला बिचारा. माझी निवड झाली, त्याची नाही. परतीच्या गाडीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं करत त्यानं एवढंच विचारलं, ‘ती पानं कुठं गेली बे?’ मी म्हणालो, ‘टाईप केलेली पानं लावताना गडबडीत राहिली असतील.’ भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, ‘असतील की.’ घरी आल्यावर कार्बन प्रत आणि त्याचा हातानं लिहिलेला निबंध मागून घेतला आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. सात वर्षं त्याची पत्रं येत होती. दर वेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीत गेलो की सांगून टाकू. आणि दर सुट्टीत जीभ उचलायची नाही.

सोलापूरला पोचलो त्याच दिवशी भवानी पेठेत गेलो, तर अम्मा रहाटावर बसलेल्या. मला बघून रडल्या, मग आतून ती कार्बन प्रत आणून माझ्या हातात दिली आणि पुन्हा रहाटावर बसल्या. ‘ह्यात माझं लिवलंय म्हणायचा. वसंता आला की वाचून दाखवंल म्हणला. कुटं हाय, दाखीव की.’

मी प्रत उघडली. टाईप केलेलं तिसावं पान, आणि त्याच्यामागं टॉवेलच्या सुतानं टाचलेली नरसूच्या अक्षरातली सहा पानं. कोपऱ्यात लाल शाईत नंबर, तीस-ए, तीस-बी, असे तीस-एफपर्यंत. त्यानंतर माझं एकतिसावं पान.  पानं लावताना गडबडीत राहिली असती तर तीसनंतर मधले नंबर गळलेले दिसायला हवे होते. मी शहाण्यानं नंबर सलग टाकले होते! म्हणजे ही प्रत हातात पडली त्याच दिवशी त्याला सगळं कळलं होतं.

‘अम्मा, ही पानं मीच काढली होती,’ मी सांगून टाकलं. ‘त्याची दिल्ली माझ्यामुळं हुकली.’

रहाट थांबला.  अम्मा म्हणाल्या, ‘आधी वाच.’

मी मराठी करून वाचू लागलो. या घरातली बाई रोज पाच तास कांड्या भरते...

‘पाच न्हाय, आट,’ अम्मा म्हणाल्या. ‘त्याला कमी सांगितलं मी. लई वाईट वाटलं असतं पोराला.’

मी खिशातलं पेन काढलं. विचारलं, ‘अम्मा, आठ लिहू का?’

‘लिव की,’ म्हणाल्या, आणि रहाटाला नवी कांडी लावली.