टाळ्या नसलेली आकाशवाणी

शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. त्यांचं काय जातंय सांगायला! एकटीनं चालायचा मला भारी कंटाळा. शेजारच्या द्वारकाबाई रोज कानात आकाशवाणी लावून चालतात. आज त्यांच्याबरोबर निघाले आणि विचारलं, काय ऐकू?

"सपाटीला शेतीचं ऐका. चढाला श्रुतिका लावा, पाय आपोआप उचलतेत," त्या बाजारभाव सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "टाळ्या असलेलं नको. लड फुटल्यागत वाटतं."

त्यांच्या हातातला मोबाईल त्यांच्या सुनेचा, दीपमालाचा. ती फटाक्याच्या कारखान्यात जायची. तिथं मोबाईल आत नेऊ देत नाहीत, फाटकावरच्या डब्यात ठेवतात. गेल्या वर्षी स्फोटात दीपमाला गेली. मोबाईलला ओरखडासुद्धा नव्हता. वाटेत ऐकायला तिनं उतरवून ठेवलेले कार्यक्रम त्यात तसेच आहेत.

मी सगळ्यात वरच्या कार्यक्रमावर बोट नेलं. द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं.

"ते सोडून कायबी लावा. ते फाटकापतोर ऐकलंय तिनं," त्या म्हणाल्या. "राहिलेलं सुटी झाल्यावर ऐकणार हाय."